खैरुन चुडीवाली आणि मोहाबोडीचं पाणी

बाईचा हात हातात घेतल्याशिवाय बांगडी भरता येत नाही, आणि हात एकदा हातात आला की बाईचं निम्मं आयुष्य कळतं, असं खैरुन म्हणायची. उरलेलं निम्मं ती बाई स्वतःच सांगून टाकते, बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकलेली असताना दुसरं करणार काय?

खैरुन चंद्रपूरची, पठाणपुरा गेटाजवळची. सासर-माहेर दोन्हीकडे चुडीचाच धंदा. नवरा लियाकत गोल बाजारात गाडी लावून बसे, म्हणजे ज्याला गरज असेल त्यानं आपल्या पायानं यावं. खैरुनच्या वाट्याला खेडी आली होती. मूल गावाच्या रस्त्याला एसटीतून उतरायचं, टोपली डोक्यावर घ्यायची आणि सागाच्या जंगलातून गावोगाव फिरायचं. वाघाची भीती वाटत नाही का, असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "वाघ काय चुड्या भरते का? मंग तो माह्याकडं काऊन येईन?"

या सगळ्या गावांत एकाच गावावर तिचा राग होता, तो मोहाबोडीवर. तिथं तिच्या बांगड्या फार वाढायच्या. (फुटल्या म्हणायचं नाही, हे तिच्या धंद्यातलं पहिलं सोवळं.) दुसऱ्या गावी डझनाला एखादी तडकायची, इथं हात हातात घेतला की तडतड सुरू. मोहाबोडीच्या बायकांचा अंगठा तळव्यात मिटत नसे. मूठ दाबावी तर चिंचेचं लाकूड दाबल्यासारखं वाटे. तिशीतल्या पोरी खाली बसताना भिंतीला धरत. लेकरांचे दात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाल्ल्यासारखे तांबडे-पिवळे, आणि खर्रा तर त्यांनी कधी पाहिलासुद्धा नसायचा. त्या दातांपायी सोयरिका मोडत. चुडीवालीला हे सगळ्यात आधी कळतं, कारण नवरीचा हिरवा चुडा मागायला कोणी येतच नाही. खैरुननं आधी आपल्या नजरेला दोष दिला, मग मालाला, मग माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांना.

या गावात एकच हात असा होता की बांगडी भरताना खैरुनला हाताला जीव आल्यासारखं वाटे. तो गिरजाबाईचा. साठी उलटलेली ही बाई बौद्धवस्तीच्या टोकाला एकटी राहायची. नवरा वामनराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा हात असा मऊ मिटे की बांगडी आपोआप मनगटावर जाई. विधवेनं बांगड्या भराव्यात का, असं गावातल्या कोणीतरी एकदा विचारलं होतं. "माह्या धम्मात हाताले रांडपण येत नाई," असं गिरजाबाईनं उत्तर दिलं आणि वर आणखी दोन मागून घेतल्या.

गिरजाबाईकडे बसायचं दुसरं कारण म्हणजे तिच्या विहिरीचं पाणी. छप्पन साली चंद्रपुरात दीक्षा झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वस्तीनं ही विहीर खोदली. तोवर गावच्या विहिरीवर वस्तीनं दूर उभं राहायचं आणि कोणाला दया आली तर ओंजळ धरायची, अशी रीत होती. गिरजाबाई त्याच वर्षी नवी नवरी म्हणून आली होती. हळदीच्या हातांनी तिनं मातीच्या पाट्या वाहिल्या. वरवरच्या मुरमातच पाणी लागलं, कमरेएवढं, गोड. गावानं त्या पाण्याला ओठ लावला नाही.

पुढं गावची विहीर आटली ती आटलीच, आणि सरकारी बोरिंग आलं. खोल, खडकातलं, वैशाखातही न आटणारं. हँडलला सगळ्यांचे हात लागायला लागले. वस्तीतल्या माणसांना ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल! ज्यांच्या बापांनी ओंजळी धरल्या ते आता रांगेत पाटलाच्या पुढं उभे राहून पाणी भरू लागले. विहीर हळूहळू सुटली. एकटी गिरजाबाई दोर-बादली घेऊन तिथंच जात राहिली. "माह्या माणसानं खोदली," एवढंच ती म्हणायची.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात खैरुन गेली तेव्हा गिरजाबाईनं पाण्याचा लोटा दिला आणि समोर बसली, पण हात पुढं केला नाही.

"विहीर बुजवून राह्यले, खैरुन. होळी झाली की मुरूम टाकणार हायेत."

"कोण म्हणते?"

"लटारूभाऊ. बिनकामाची हाये म्हणते, शेळ्या पडतेत म्हणते. तो सरपंच हाये, त्याचंही खोटं नाई. पीत तं मी एकटीच हावो. एका म्हातारीसाठी विहीर ठेवा, असं कोणाले म्हणू?"

बारा गावच्या बायकांच्या सासवा खैरुननं गोड बोलून वळवल्या होत्या, पण ग्रामपंचायतीला बांगड्या भरता येत नाहीत. तिनं लोट्यातलं पाणी संपवलं आणि टोपली उचलून परतीची वाट धरली.

एसटीत तिच्या शेजारी एक तरुण बाई बसली होती, मांडीवर बर्फाचा डबा घेऊन. रश्मी मॅडम. चंद्रपुरात गावोगावच्या पाण्याच्या पाहणीसाठी उघडलेल्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत त्या काम करत. माणसांच्या लघवीत पाण्यातलं, हवेतलं काय काय उतरतं ते मोजायचं, असं त्यांचं काम. मोहाबोडीतून त्या हात हलवत परतल्या होत्या. त्यांच्या आधी गेलेल्या पुरुष शिपायाला तर बायकांनी बाटल्यांसकट पिटाळलं होतं. खैरुनला हसू आवरेना.

"मॅडम, लोकाइले काय मागायचं ते तं पाहा! अन् तेही माणसाच्या हातानं!"

"मग तुम्ही आणून द्याल का?" मॅडम म्हणाल्या.

खैरुनचं हसू थांबलं. मॅडमनी सांगितलं की बोरिंगच्या पाण्यात फ्लोराईड नावाचं द्रव्य फार आहे, हे त्यांना आधीच कळलं होतं. खडकातून ते पाण्यात उतरतं, दात डागाळतं, पुढं हाडात बसतं आणि सांधे धरतं. पण वरचे साहेब म्हणत, लोक शेतात पितात, नाल्यावर पितात, बोरिंगनंच बाधलं कशावरून? पाण्याचा आकडा पाण्यापुरता. माणसाच्या आत काय गेलं ते माणसाच्या लघवीनंच सांगायला हवं. खैरुनला यातलं निम्मं कळलं नाही. पण 'सांधे धरतं' हे शब्द ऐकताच तिला तो अंगठा आठवला, तळव्यात न मिटणारा. इतकी वर्षं मालाला दिलेल्या शिव्या तिनं मनातल्या मनात परत घेतल्या.

मग चुडीवालीच्या टोपलीत वर बांगड्या आणि खाली बाटल्या, अशी मांडणी झाली. लियाकत दोन दिवस तिच्या टोपलीला शिवला नाही. बायकांनी मात्र खैरुनला नाही म्हटलं नाही. जिच्या हातात हात देऊन आपण रडलो, तिच्यापुढं बाटलीची कसली लाज? एसटीचा कंडक्टर म्हणाला, "काय हाय वो डब्यात? कुल्फी का?" खैरुन म्हणाली, "हाव, पण तुमच्यानं खाल्ल्या नाई जाणार."

बाटल्या घेऊन ती प्रयोगशाळेत गेली आणि तिथंच उभी राहिली. जा म्हटलं तरी जाईना. तिला वाटलं होतं की डॉक्टरसारखं काही असेल, वास असेल, सुया असतील. तिथं एका टेबलावर पेनाएवढी एक दांडी उभी होती आणि तिच्या टोकाला डाळीएवढा स्फटिक. शेजारी छोट्या डब्यावर आकडे दिसत होते. प्लास्टिकच्या पेल्यात पांढरी इवलीशी कांडी गरगर फिरत होती, आणि तिला कोणी हात लावलेला नव्हता.

"हे कोण फिरवून राह्यलं?"

"खाली चुंबक आहे," मॅडम हसून म्हणाल्या. "आधी यंत्राला माहितीतलं पाणी दाखवायचं. यात इतकं, यात इतकं. ते एकदा ओळखलं की मग अनोळखी दाखवायचं. लघवीत तेवढंच हे दुसरं पाणी मिसळायचं, म्हणजे सगळे नमुने एका पातळीवर येतात आणि कुठं चिकटून बसलेलं फ्लोराईड सुटं होतं. आणि हा स्फटिक फक्त त्यालाच ओळखतो. मीठ असू दे, साखर असू दे, त्याला काही दिसत नाही."

"अन् पेले प्लास्टिकचे काऊन? काच चांगली दिसते."

"काचेला हे द्रव्य चिकटतं, आकडा चुकतो. तेजाबात असलं तर काच खातंसुद्धा."

खैरुननं आपल्या टोपलीकडे पाहिलं. उभा जन्म काचेवर काढलेली ती बाई. काच खाणारी वस्तू माणसाच्या अंगातून वाहत असते, आणि ती डाळीएवढ्या खड्याला कळते! "या अल्ला," ती हळूच म्हणाली. आपण ज्याला घाण म्हणून तोंड फिरवतो, त्यात एवढं लिहून ठेवलेलं असतं आणि वाचणाराही कोणी असतो, हे तिला दर्ग्यावरच्या नवसापेक्षा मोठं वाटलं.

पण मोहाबोडीचं काम अडलं. मॅडम आणखी एक तपास करत. शरीर रोज थोडं झिजतं, त्यातलं एक द्रव्य जवळजवळ ठराविक बेतानं लघवीत येतं. त्यावरून लघवी दाट की पातळ ते कळतं. पिवळ्या औषधात थेंब टाकले की रंग भोपळ्यासारखा केशरी व्हायचा. बाकी गावांच्या नळ्या केशरी झाल्या. मोहाबोडीच्या पिवळ्याच राहिल्या, एकजात सगळ्या.

मॅडमचा चेहरा उतरला. "खैरुनबाई, यात लघवी थोडी आणि पाणीच जास्त आहे. सगळ्यांनी पाणी घातलं. गाव पाहणीतून काढून टाकावं लागेल."

"पाणी कोण टाकीन वो? काय म्हशीचं दूध हाये का?" खैरुन म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची जीभ अडखळली. बाटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या, एकूण एक. तिला मोहाबोडीची रीत आठवली. शेजारणीची वाटी आली तर तिच्यात चार मोहफुलं का होईना टाकूनच ती परत करायची. आलेलं भांडं घरातून रिकामं काय, अर्धंही जाऊ द्यायचं नाही. अर्धं भांडं परत केलं तर घरातली बरकत जाते. पाहुणीनं बाटली दिली, ती अर्धी कशी द्यायची? बिचाऱ्यांनी मान राखला होता.

"मॅडम, गाव कापू नका," खैरुन हात जोडून म्हणाली. "एक खेप मले द्या."

ती परत गेली तेव्हा होळी होऊन गेली होती. विहिरीच्या काठाशी लाल मुरमाचे ढीग पडले होते. गिरजाबाई त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

"तूही पाणी टाकलं होतं का वो बाटलीत?" खैरुननं विचारलं.

"टाकलं ना. पण चांगलं टाकलं, माह्या विहिरीचं," गिरजाबाई थोडी दुखावून म्हणाली.

रीत मोडा, असं सांगून बायका ऐकत नाहीत, हे खैरुनला ठाऊक होतं. सरपंचाच्या ओसरीवर तिनं सगळ्यांना गोळा केलं. लटारूभाऊंची बायको शकुबाई पुढं बसली होती. खैरुननं तिचा ताठ हात हातात घेतला आणि तिच्या मापापेक्षा लहान बांगडी उचलली.

"भरू का ही?"

"बापा! तडकन ना ते!"

"मंग? हाताले बांगडी घट्ट भरत नाईत, थोडी जागा ठेवा लागते. ही बाटली भांडं नोहे, बांगडी होये. वरून जागा ठेवजा. पाण्याचा थेंब टाकला तं समजा बांगडी वाढली."

बायकांचे हात आपसूक आपापल्या मनगटाकडे गेले. बांगडी वाढणं म्हणजे काय, हे त्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी खैरुनच्या टोपलीत सगळ्या बाटल्या अर्ध्या आल्या. काहींनी तर बरकतीसाठी बाटलीसोबत वेगळ्या पानात मोहफुलं बांधून दिली होती. ती मॅडमनी खाल्ली.

या खेपेला नळ्या केशरी झाल्या. मग स्फटिकाची पाळी आली. द्रव्य वाढलं की यंत्रावरचा आकडा उतरत जातो, हे खैरुनला आता ठाऊक झालं होतं. एकेका बाटलीला आकडा उतरत होता. शकुबाईचा तर इतका खाली गेला की मॅडमनी चष्मा पुसला. द्रव्य निरोगी माणसाच्या कितीतरी पट. बाईबाईचा, लेकरालेकराचा आकडा तसाच. खैरुनच्या डोळ्यांपुढं ते सगळे हात येत होते आणि तिला रडू यायला लागलं.

मग एका बाटलीला आकडा वरच थांबला.

मॅडमनी पुन्हा पाहिलं. पेला बदलला. दांडी धुतली, माहितीतलं पाणी दाखवून यंत्राची परीक्षा घेतली, आणि तीच बाटली पुन्हा लावली. आकडा हलला नाही. निरोगी माणसाचा आकडा, सोळा आणे. चिठ्ठी वाचून मॅडम म्हणाल्या, "या गावात राहून? गिरजाबाई कोण?"

खैरुन त्या पेल्याकडे झुकली. एकच गाव, एकच ऊन, एकच तांदूळ. फरक एका दोराचा आणि बादलीचा. कोण कुठलं पाणी प्यालं ते कोणाच्या सांगण्यावर नव्हतं, त्या पेल्यात होतं. त्या खड्याला ना वस्ती दिसत होती ना जात, जसं मीठ दिसत नव्हतं आणि साखर दिसत नव्हती.

"ते बोरिंगवर पीत नाई, मॅडम," ती म्हणाली. "तिची विहीर हाये. अन् ते आज-उद्या बुजवून राह्यले!"

मॅडमनी त्या विहिरीचं पाणी कधी तपासलंच नव्हतं. गावानं दाखवलेल्या पिण्याच्या पाण्यात ती विहीर नव्हतीच. दुसऱ्या सकाळी दोघी यंत्र पिशवीत घालून, बॅटरीचा डबा टोपलीत ठेवून पहिल्या एसटीनं निघाल्या.

मुरमाची पहिली पाटी उचललेली होती. खैरुननं डोक्यावरची टोपली काढली आणि सरळ विहिरीच्या काठावर ठेवली. "आता टाका," ती म्हणाली. बांगड्यांवर मुरूम टाकायची कोणाची छाती होणार? माणसं थांबली, लटारूभाऊ आले, मागोमाग गाव आलं.

मॅडमनी विहिरीच्या काठावरच यंत्र मांडलं. लटारूभाऊ हाताची घडी घालून उभे होते. बोरिंग त्यांच्या वडिलांनी खेटे घालून आणलं होतं, गावाला मिळालेलं ते एकुलतं एक वैभव. आधी बोरिंगचं पाणी पेल्यात आलं. आकडा उतरत उतरत तळाशी गेला. मग गिरजाबाईनं स्वतः बादली ओढली. तिच्या पाण्यात दांडी बुडाली आणि आकडा वर थांबला. मॅडमनी मग लघवीचे आकडे सांगितले, नाव न घेता. नावं घ्यायची गरजही नव्हती. बायका आपापले हात पाहत होत्या, शकुबाई पुन्हा पुन्हा मूठ मिटून पाहत होती आणि ती मिटत नव्हती.

"मॅडम, यंत्र चुकत नाई का?" लटारूभाऊंनी विचारलं.

"चुकतं. म्हणून तर दोनदा विचारतो त्याला," मॅडम म्हणाल्या. "मोठ्यांचं जे धरलं ते सुटणं कठीण आहे. लेकरांना मात्र आजपासून हे पाणी द्या."

लटारूभाऊंनी वाकून विहिरीत पाहिलं. त्यांच्या बापानं गावासाठी आणलेलं पाणी गावाची हाडं धरून बसलं होतं, आणि ज्या पाण्याला त्यांच्या आजानं ओठ लावू दिला नव्हता ते पायाशी स्वच्छ उभं होतं. एवढं मोठं ओझं माणसानं कुठं ठेवावं? शेवटी ते मजुरांना म्हणाले, "मुरूम शाळेच्या वाटेवर टाका," आणि मान खाली घालून निघून गेले.

दिवस कलला, तरी खैरुन एसटीला गेली नाही. गिरजाबाईच्या उंबऱ्यात बसली होती. वस्तीच्या तोंडाशी शकुबाई आली. कमरेवर पाण्याचा रिकामा गुंड, मागं तीन-चार बायका, त्यांचेही गुंड रिकामे. विहिरीपासून दहा हातांवर त्या थांबल्या. पुढं यायला पाय उचलेना, आणि परत जायला तोंड नव्हतं. शकुबाईनं गुंड खाली ठेवला आणि जराशी मागं सरून उभी राहिली. वस्ती ज्या अंतरावर एकेकाळी उभी राहायची, बरोबर त्याच अंतरावर.

गिरजाबाई उठली. चाळीस वर्षांचं बोलायला या बाईला आज गाव समोर मिळालं होतं.

"एवढं दूर होतं का वो माह्यं घर?" गिरजाबाई म्हणाली.

शकुबाईला हुंदका फुटला. गिरजाबाई तिच्याजवळ गेली आणि तिचा तो न मिटणारा हात धरून तिला विहिरीच्या काठाशी आणलं. मग गुंड उचलला, बादली सोडली, ओढली, आणि गुंडात ओतली. पुन्हा सोडली. गुंड भरला तरी ती ओततच राहिली. पाणी काठावरून वाहून दोघींच्या पायांवर आलं.

"बाटली अर्धी दिली ते ठीक," ती म्हणाली. "आलेलं भांडं मी अर्धं पाठवत नाई."